दाढेचं तिसरं मूळ

वरची दाढ काढून घेणार असाल तर एक काम करा. काढल्यावर ती हातात मागा. किळस करू नका, तुमचीच आहे. धुऊन घ्या, उजेडात धरा आणि मुळं मोजा. वरच्या मोठ्या दाढेला बहुतेक तीन असतात. दोनच दिसली, किंवा एखादं मोडल्यासारखं वाटलं, तर खुर्चीतून उठू नका. तिसरं कुठं गेलं ते विचारा. समोरचा डॉक्टर जवळचा असेल तर दोनदा विचारा.

मी एकदाच विचारलं. माझ्या वरच्या डाव्या दाढेचं तिसरं मूळ अकरा महिने माझ्या गालाच्या हाडात पडून होतं, आणि ते तिथं आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

मी शालन. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, ब्लाउज शिवते, वय चौपन्न. तोंडानं फटकळ आहे. गळा मोठा शिवून घेऊन मग नवऱ्याच्या नावानं परत लहान करायला येणाऱ्या बायकांना मी तोंडावर बोलते. तरी या प्रकरणात मी गप्प बसले. हे लिहिते आहे ते कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझा जळफळाट थोडा उतरावा म्हणूनही.

मुहूर्त

विशू म्हणजे विश्वजीत, माझ्या दादाचा एकुलता एक मुलगा. दादाचं घर पेठ वडगावला, तेच माझं माहेर. आम्हाला मूल नाही. विशू अकरावीला कोल्हापुरात आला तो डेंटल कॉलेज संपेपर्यंत आमच्याकडंच राहिला. सात वर्षं. त्याचे डबे मी केले, एप्रन मी धुतले, प्लास्टरचे दात तो माझ्या शिलाईच्या टेबलावर घासत बसायचा आणि पांढरी पूड गिऱ्हाइकांच्या कापडावर उडायची. एका पेपरात नापास झाला तेव्हा दादाच्या आधी त्यानं मला सांगितलं. मला तो आत्ती म्हणायचा, मी त्याला माझा विशू म्हणायची. लोकांना वाटायचं माझाच मुलगा आहे. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यानं वडगावच्या बाजारपेठेत दवाखाना काढला. उद्घाटनाच्या आठवड्यातच माझी दाढ ठणकायला लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाला दातांचा दवाखाना आहे, तिथं अर्ध्या तासात मोकळी झाले असते. पण वैनीचा फोन आला. म्हणाली, वन्सं, चार दिवस कळ काढा, पहिला पेशंट घरचाच पाहिजे, शकुन असतो. मला आनंदच झाला. दाढेत लवंग धरून चार दिवस काढले. माहेरचा मान मिळतोय म्हटल्यावर बाईची अक्कल चरायला जाते.

उद्घाटनाला पूजा झाली. खुर्चीला झेंडूचा हार, हत्यारांच्या ट्रेवर अक्षता. एक्सरेचं मशीन खोक्यातच होतं, जोडणारा माणूस सोमवारी येणार होता, म्हणून खोक्यालाच हळदकुंकू वाहिलेलं. गुरुजींनी अकरा बावीस ते अकरा चाळीस असा मुहूर्त काढलेला. त्या वेळात दाढ बाहेर पडली पाहिजे, असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यात मीही होते.

मी काठपदराची साडी नेसून खुर्चीत बसले. विशूनं इंजेक्शन दिलं. त्यानंतर थोडं थांबावं लागतं, पण गुरुजी दारात घड्याळ बघत उभे, त्यांच्या मागं दादा. चिमटा लागला तेव्हा हिरडी निम्मीच बधिर झाली होती. मी हात वर केला. वैनीनं तो हसत हसत धरून खाली ठेवला, आणि धरूनच ठेवला. कड्कन आवाज झाला. दाढ आली, पण विशू थांबला नाही. परत आत हत्यार घालून काहीतरी उकरायला लागला. मग काहीतरी सरकलं. खाली नव्हे, वर, डोळ्याच्या दिशेनं. आणि गार वारं तोंडातून सरळ नाकात शिरलं. विशूचे हात थांबले. मास्कच्या वर त्याचे डोळे दिसत होते. नापास झालेल्या दिवशीचे त्याचे डोळे मी विसरलेले नाही. तेच होते.

बाहेरून दादानं विचारलं, झालं का रे? विशू म्हणाला, झालं. टाळ्या वाजल्या, मुहूर्त साधला. मी कापसाच्या बोळ्यातून कसंबसं विचारलं, “निघाली न्हवं सगळी?”

“निघाली की, आत्ती.”

वैनीनं त्याच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दाढ देऊन त्याला माझ्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. तो मोठा करून दवाखान्यात लावला. खाली लिहिलं, आमच्या पहिल्या पेशंट.

नाकातून चहा

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला तर तो डाव्या नाकपुडीतून खाली आला. मी हसले. आमच्या ह्यांना हाक मारून दाखवलं सुद्धा. विशूला फोन केला तर म्हणाला, सूज हाय आत्ती, जाईल. नाक शिंकरू नकोस म्हणाला आणि गोळ्या सांगितल्या. डॉक्टर सांगतोय म्हणजे बरोबरच असणार.

भोक लहान झालं, बुजलं नाही. गाल फुगवला की नाकात शीळ वाजायची. चूळ भरली की निम्मं पाणी नाकातून. मी मान उजवीकडं कलती करून जेवायला शिकले. विशूला परत परत सांगितलं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, तुला सायनस हाय, वाफ घे. कोल्हापुरात आला की घरी यायचा, चहा घ्यायचा, पण माझं तोंड उघडून बघायचं टाळायचा. मी जबडा वासून पुढं झाले तरी त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा.

दोनेक महिन्यांनी वास सुरू झाला. झाकून ठेवलेल्या, कुजलेल्या भाजीचा वास. आधी मला वाटलं घरात उंदीर मेला. फडताळं धुतली, बेसिन धुतलं. मग एक दिवस कळलं की मी जिथं जाते तिथं तो येतो. डाव्या नाकपुडीतून पिवळं गळायला लागलं. आणि माझा धंदा असा, की बाईला कवेत घेतल्याशिवाय ब्लाउजचं माप निघत नाही. एक जुनी गिऱ्हाईक, तिच्या लेकीच्या लग्नाचे अकरा ब्लाउज माझ्याकडं होते. छातीचं माप घेताना तिनं मान फिरवली आणि पदर नाकाला लावला. मी टेप खाली ठेवला. ती म्हणाली, राहू दे मावशी, जुन्या मापानंच शिवा. पुढच्या आठवड्यात भाऊ पाठवून तिनं कापडं परत नेली.

आमचे हे शिरोलीच्या कारखान्यात टर्नर होते, आता घरीच असतात. मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. जेवताना एकदा म्हणाले, तुझ्या नाकात कायतरी मेलंय. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, सगळ्यात खरं निदान त्यांनीच केलं होतं.

माहेरच्या जत्रेला गेले. पंगत बसली. पांढरा रस्सा म्हणजे माझा जीव की प्राण. मान कलती करायची विसरले आणि वाटी तोंडाला लावली. रस्सा नाकातून आला आणि ताटात, भातावर पडला. त्यात पिवळं होतं. शेजारची बाई, वैनीच्या माहेरची, ताट उचलून पलीकडच्या पंगतीला गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं. वैनी म्हणाली, वन्सं, तुम्ही आत बसून जेवा जावा. विशू माझ्या समोरच बसला होता. त्यानं सगळं बघितलं. मान खाली घातली आणि वाढप्याकडून रस्सा वाढून घेतला.

मी आत जाऊन धान्याच्या पोत्यांशेजारी बसून जेवले. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चार दिवस

दहाव्या महिन्यात गाल जड झाला आणि नाकातून रक्त आलं. ह्यांनी मला ओढतच नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी स्कॅन काढायला लावला, बघितला आणि माझ्याऐवजी ह्यांच्याकडं बघून बोलायला लागले. गालाच्या हाडात एक पोकळी असते, त्यात गाठीसारखं काहीतरी दिसतंय, हाडही झिजलंय, जबड्याच्या सर्जनला दाखवा, तुकडा तपासावा लागेल. मग मला विचारलं, मिश्री लावता का? वीस वर्षं लावत होते. सांगितलं. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिलं.

सर्जनची वेळ चार दिवसांनी मिळाली. त्या चार दिवसांत मी काय काय केलं ते सांगते. मिश्रीची डबी कचऱ्यात टाकली, परत काढली, परत टाकली. ज्यांची कापडं होती त्यांना न शिवता परत केली, वर चिठ्ठ्या लावून. माझ्या साड्यांपैकी कुठली कुणाला द्यायची ते मनात ठरवलं. चांगली पैठणी विशूच्या बायकोला, ती येईल तेव्हा. हे पिठलं-भात करून मला भरवायला लागले, त्यानं तर माझा धीरच सुटला. अंथरूण परत आत आणलं. ज्यांनी कधी मऊ शब्द काढला नाही ते मऊ बोलायला लागले म्हणजे आपलं आटोपलं, असं मी धरून चालले.

दादाला कळवलं, विशूला कळवलं. विशूला स्पष्ट सांगितलं की डॉक्टरांना कॅन्सरची शंका आहे. तो एवढंच म्हणाला, बघूया आत्ती. पुढचे चार दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही.

हे मी आजही गिळू शकत नाही. मूळ राहिलं, ठीक आहे, हात आहे, चुकतो. माझ्याही कात्रीनं लोकांची भारी कापडं गेलीत, मी पाय धरलेत त्यांचे. पण त्या चार दिवसांत त्याच्या एका वाक्यानं मी माणसात आले असते. आत्ती, गाठ न्हाय ती, दाढेचं मूळ असंल. एवढंच. त्यानं मला मरणाच्या दारात बसू दिलं आणि आपला दवाखाना उघडून बसला.

फोटो

जबड्याच्या सर्जन म्हणजे एक बारीकशी बाई, बोलणं बेळगावकडचं, सरळ. स्कॅन पडद्यावर लावला आणि पेननं दाखवला. म्हणाल्या, मावशी, ही गालातली पोकळी, हिच्यात हवा पाहिजे. वरच्या दाढांची मुळं हिच्या तळाला टेकलेली असतात, मधे कागदाएवढं हाड. तुमचं एक मूळ तळ फोडून आत गेलंय. हा पांढरा ठिपका. त्याच्याभोवती बुरशी वाढली आहे, तोच गोळा दिसतोय. तपासायला पाठवूच, पण मला हा कॅन्सर वाटत नाही.

मी हसायला लागले. हसता हसता नाकातून गळायला लागलं आणि मॅडमनी तोंड न फिरवता मला कापूस दिला. दहा महिन्यांत तोंड न फिरवणारं हे पहिलं माणूस.

मग त्यांनी विचारलं, दाढ कुणी काढली? मूळ राहिलंय असं सांगितलं होतं का? मी कापूस नाकाला लावून बसले. ह्यांनी सांगून टाकलं, हिच्या भाच्यानं काढली आणि कुणी काही सांगितलं नाही.

घरी आलो. ह्यांनी मोबाइलवर आलेला विशूच्या दवाखान्यातला तो फोटो उघडला. माझं हसरं तोंड बोटांनी बाजूला सारलं आणि चिमट्यातली दाढ मोठी केली. आयुष्यभर लेथवर उभं राहिलेला माणूस. चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, “हितं दोनच मुळं हायत. तिसऱ्याच्या जागी मोड हाय, ताजा. हातात धरलेल्याला दिसल्याबिगार ऱ्हात न्हाय.”

मी म्हटलं, गडबडीत दिसलं नसेल. ते म्हणाले, मग फोटो काढताना त्यानं मोडकी बाजू स्वतःकडं का वळवलीय? फोटोत अर्धवट दिसत होती ती बाजू, कॅमेऱ्यापासून वळवलेली. मी मोबाइल हिसकावून घेतला. डोकं सटकलं होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. विशूवर रागवायला मला जमत नव्हतं म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले. तुम्हाला माझं माहेर कधीच बघवलं नाही, असं काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

रडायला बंदी

ऑपरेशनचं थोडक्यात सांगते, घाबरू नका. वरचा ओठ उचलून आतून गालाच्या हाडाला खिडकी पाडतात, बाहेरून चेहऱ्यावर काही दिसत नाही. पोकळी साफ करतात. मग गालाचंच आतलं कातडं ओढून भोकावर शिवतात. मॅडमनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे ठिगळ. त्या म्हणाल्या, हो, पण टाका घट्ट बसला पाहिजे, आणि तो तुमच्या हातात आहे. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नळीनं प्यायचं नाही. गाल फुगवायचा नाही. आणि रडायचं नाही, कारण रडलं की नाक भरतं आणि नाक भरलं की माणूस शिंकरतं.

रडू नका हे आयुष्यात खूप जणांनी सांगितलं, लिहून देणाऱ्या त्या पहिल्याच.

शुद्धीवर आले तेव्हा डोळ्याखाली सगळं सुजलेलं, नाकात पट्टी कोंबलेली, तोंडानं श्वास. ओठ आहे की नाही ते कळत नव्हतं. वॉर्डात सकाळी सहाला झाडू, सातला रक्तदाब, आठला गार दूध, नऊला मॅडमचा राउंड. पलीकडच्या खाटेवर राधानगरीकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. मिश्रीनं तिचा खालचा अर्धा जबडा गेला होता. तोंडाला फडका धरून बोलायची, शब्द निम्मे सांडायचे. तिच्याजवळ कुणी नव्हतं, मुलगा ऊसतोड संपल्यावर येणार होता. ती स्वतःला पिचकारीनं पेज भरवायची आणि झालं की माझ्या खाटेवर येऊन माझे केस विंचरायची. का, ते मी विचारलं नाही. तिला माझा वास येत होता का, तेही विचारलं नाही. माझे डोळे भरून आले की कंगवा थांबवून दरडावायची, “रडू नगंस. टाका जाईल.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक छोटी बाटली दाखवली. आत नखाएवढं, काळपट झालेलं मूळ. एवढ्याशासाठी. म्हणाल्या, कागदावर मी आहे तेच लिहिणार, दाढ काढताना राहिलेलं मूळ. पुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पुढं तपासणीचा कागदही आला, बुरशीच होती, दुसरं काही नव्हतं. मी हात जोडले.

कागद

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आला. हातात लापशीचा डबा, साडीची पिशवी आणि फाइल. त्यानं ह्यांना चहाला खाली पाठवलं. मला म्हणाला, विशू खाली गाडीत आहे. खाटेच्या कडेला बसून बराच वेळ उसाचं, पाण्याचं बोलला. मग फाइलमधून एक छापील कागद काढला.

कागदावर विशूच्या दवाखान्याचं नाव होतं. दाढ काढताना एक मूळ वर सरकलं असल्याचं मला त्याच दिवशी समजावून सांगण्यात आलं. स्कॅन काढून मोठ्या दवाखान्यात दाखवण्याचा सल्ला मला देण्यात आला. तो मी माझ्या मर्जीनं टाळला. खाली सहीची जागा. तारीख उद्घाटनाच्या दिवसाची.

मी दोनदा वाचलं. तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते.

“दादा, मला कुणी सांगितलं न्हवतं.”

“मला ठावं हाय,” दादा म्हणाला. “त्यानं परवा कबूल केलंय माझ्याजवळ. पर शालन, नवा दवाखाना हाय. तू न्हाय केलीस तक्रार, तर तुझा नवरा करंल. पोरगं उठंल बाजारातनं.”

मी म्हटलं, सही करते, पण विशूला वर पाठव. त्यानं इथं उभं राहून एकदा म्हणू दे, आत्ती, माझ्याकडून राहिलं. मग कुठंही सही करते, कोऱ्या कागदावर करते.

दादा खाली गेला. मी जिन्याकडं डोळे लावून बसले. पंधरा मिनिटांनी दादा एकटाच वर आला. म्हणाला, त्याला तुझं तोंड बघवत न्हाय. मग माझा मोबाइल वाजला. विशूचा मेसेज होता, आत्ती, टाके सांभाळ, गरम खाऊ नकोस.

दादानं पेन उघडून हातात दिलं. म्हणाला, “हे मिटलं की तू आमची आणि आम्ही तुझे. न्हाईतर तुझी वैनी काय तुला दारात उभी करून घेणार न्हाय, तुला म्हाईत हाय.”

मला माहीत होतं. म्हातारपणी हे आधी गेले तर मी कुणाच्या दारात जाऊ? विशूशिवाय मला कोण होतं? मी सही केली. सहीखाली तारीखही उद्घाटनाच्या दिवसाचीच घातली. राधानगरीची बाई फडका तोंडाला धरून सगळं बघत होती. दादा गेल्यावर ती माझ्याजवळ आली नाही. तोंड भिंतीकडं करून झोपली. ह्यांना मी दोन महिन्यांनी सांगितलं. ते उठून बाहेर गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता

टाका टिकला. चहा नाकातून येत नाही, वास गेला, माप घ्यायला बायका परत यायला लागल्या. डावा गाल आणि वरचा ओठ मात्र बधिर राहिला. ओठाला शीत चिकटलं तरी कळत नाही, समोरच्यानं सांगावं लागतं. मॅडम म्हणतात, कदाचित येईल संवेदना, कदाचित नाही. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी आधी हे विचारून ठेवा. आणि दोन आठवडे खरंच शिंकरू नका, रडू नका. जमतं. मला जमलं.

गेल्या महिन्यात विशूचा साखरपुडा झाला. दादानं शब्द पाळला. मला आणि ह्यांना गाडी पाठवली, पुढच्या ओळीत बसवलं, मुलीची ओटी भरायचा मान मला दिला. पैठणी मी स्वतः तिच्या हातात ठेवली. माझ्या मनातली अढी थोडी सैल झाली, हे कबूल करते.

जेवणं झाल्यावर सगळे सोयरे गोल करून बसले. मुलीच्या आईची वरची दाढ दुखत होती, ती म्हणाली, काढायची भीती वाटते बाई. वैनी म्हणाली, जावईच डॉक्टर, भीती कसली. फक्त डॉक्टर सांगतो ते ऐकायचं. आमच्या वन्संनी न्हाय ऐकलं. मूळ राहिलंय, स्कॅन काढा म्हणून पोरानं त्याच दिवशी बजावलेलं, तरी वन्संनी अकरा महिने अंगावर काढलं आणि मग एवढं मोठं ऑपरेशन.

मी दादाकडं बघितलं. मला ठावं हाय, असं माझ्या खाटेवर बसून म्हणालेला माझा दादा. तो मान हलवत म्हणाला, मी सुद्धा किती सांगितलं तिला. आणि त्याच्या डोळ्यांत मला खोटेपणा दिसला नाही. त्याला आता खरंच तसं आठवत होतं.

मुलीच्या आईनं माझ्याकडं कीव करून बघितलं. विशू तिच्या शेजारीच होता. तो उठला, माझ्यामागं येऊन माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. फार दिवसांनी त्यानं मला हात लावला होता.

“जाऊ द्या की,” तो सगळ्यांना म्हणाला. “मी आत्तीला कधीच दोष दिला न्हाय.”

सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मीही डोलावली.